शिकवायला कोण आहे?

भिवंडीकरांनो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात बारावीचं किंवा कॉलेजात जाणारं पोर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या गावात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग, झेरॉक्सच्या दुकानात रांग, कॉलेजच्या खिडकीवर रांग. फी किती, यादीत नाव लागलं का, स्कॉलरशिप मिळेल का, हे सगळं आपण विचारतो. नॅकचा ग्रेड विचारणारे पालकही आता भेटतात. पण वर्गात उभं राहून शिकवायला कोण आहे, हे कोणीच विचारत नाही. आणि आपण विचारत नाही म्हणूनच सरकारचं निवांत चाललंय.

आधी व्यवस्था समजून घेऊ. आपल्या राज्यातली जुनी महाविद्यालयं बहुतेक अनुदानित आहेत. म्हणजे संस्था खासगी, पण मंजूर पदांवरच्या प्राध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा पगार राज्य सरकारचा. या एका गोष्टीवर महाराष्ट्रातल्या गोरगरिबांच्या दोन-तीन पिढ्या पदवीधर झाल्या. भिवंडीत लूमवर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचं पोर बी.कॉम. झालं ते फी परवडली म्हणून. आणि फी परवडली, कारण मास्तरचा पगार त्या फीतून काढावा लागत नव्हता.

ही व्यवस्था कोणी एका दिवसात मोडली नाही. मोडली असती तर मोर्चे निघाले असते. ती हळूहळू, आवाज न करता रिकामी केली गेली.

पहिली पायरी २००१ ची. त्या वर्षी राज्य सरकारनं ठरवलं, यापुढे नवीन महाविद्यालयाला मान्यता द्यायची ती ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून. ‘कायम’ हा शब्द नीट वाचा. आज पैसे नाहीत, पुढे बघू, असं नव्हे. कधीच नाही. त्यानंतर गाव वाढलं, लोकसंख्या वाढली. २०११ च्या जनगणनेत भिवंडी महापालिका हद्दीतच ७ लाख ९ हजार माणसं होती. पोरं वाढली, मुली शिकायला लागल्या. पण नवीन वर्ग उघडला तो फीच्या जोरावर. जुन्या अनुदानित कॉलेजातसुद्धा हेच झालं. गेट एक, जिना एक, मजला एक. एका वर्गात अनुदानित बी.कॉम., शेजारच्या वर्गात स्वयंअर्थसहाय्यित बीएमएस किंवा बीएस्सी आयटी. इकडच्या मास्तरचा पगार सरकार देतं, तिकडच्या मास्तरचा पगार तुमच्या फीतून निघतो. आणि कमी फीत वर्ग चालवायचा म्हटलं की कात्री पहिल्यांदा त्याच्याच पगाराला लागते.

दुसरी पायरी भरतीबंदीची. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी होते, भरायची परवानगी मात्र येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं अनुदानित महाविद्यालयांतली सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदं भरायला मान्यता दिली. त्या वेळी पेढे वाटले गेले. पण ३,५८० हा आकडा रिक्त पदांच्या फक्त ४० टक्के होता. म्हणजे रिकाम्या जागा होत्या ८,९५० च्या आसपास, आणि त्यातल्या ५,३७० जागा भरायच्या नाहीत असं सरकारनंच ठरवलं. मंजूर ४० टक्क्यांचं तरी काय झालं? भरती अर्ध्यावर असताना कोरोना आला, मे २०२० मध्ये वित्त विभागानं नव्या भरतीला ब्रेक लावला. नोव्हेंबर २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता द्यावी लागली. तीन वर्षं त्याच जागा, तीच मान्यता, दोनदा बातमी.

मग २०२५ मध्ये उच्च शिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी साडेपाच हजार प्राध्यापक आणि २,९०० शिक्षकेतर पदं भरण्याची घोषणा केली. चांगलं आहे, स्वागत. पण हा आकडा वरच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. २०१८ ला सोडून दिलेल्या जागाच ५,३७० होत्या. मधल्या सात वर्षांत जे निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या वेगळ्या. म्हणजे जुनं देणं चुकतं करण्याची घोषणा आपल्याला नवीन भेट म्हणून दाखवली जाते.

तिसरी पायरी सगळ्यात वाईट. रिकाम्या जागेवर शिकवायला कोणीतरी लागतंच. तो माणूस म्हणजे सीएचबी, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट, सेट, पीएच.डी. झालेला. पात्रता तीच, अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तेच. फक्त पगार नाही, तासाचे पैसे. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षेचे दिवस, तास नाही म्हणून पैसे नाहीत. वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

आता हिशोब करू. आपण भिवंडीकर धंद्याची माणसं, हिशोब आपल्याला कळतो.

पदवीच्या वर्गाला सीएचबीचा दर आधी ६२५ रुपये होता, तो वाढवून ९०० केला. आठवड्याला एकाला ९ तासिका. दोन सत्रं मिळून शिकवण्याचे ३० आठवडे धरा. ९०० गुणिले ९ गुणिले ३०, झाले २ लाख ४३ हजार. वर्षाचे. बारा महिन्यांनी भागा, महिन्याला २०,२५० रुपये पडतात. हे सगळे तास झाले, एकही बुडाला नाही, बिल वेळेवर मंजूर झालं, असं धरून.

दुसरीकडे कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर महिन्याला ८९ हजार, वर्षाला १० लाख ७३ हजार. घरभाडं भत्ता त्यावर वेगळा.

एका पूर्ण जागेवर दोन सीएचबी घेतले तरी सरकारचे वर्षाला ४ लाख ८६ हजार गेले. म्हणजे एक जागा रिकामी ठेवली की सरकारचे वर्षाला जवळपास ५ लाख ८७ हजार वाचतात. जितक्या जागा रिकाम्या, तितक्या पटीत बचत. म्हणून सांगतो, या जागा फाइल कुठेतरी अडकल्यामुळे रिकाम्या राहत नाहीत. त्या रिकाम्या ठेवल्या जातात, कारण रिकामी खुर्ची स्वस्त पडते. ही बचत सरकारच्या वहीत ‘बचत’ म्हणून कुठे लिहिलेली दिसणार नाही. ती तुमच्या पोराच्या मार्कशीटवर दिसते.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्येच अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार असा दर सांगितला. आपल्या प्रगत, पुरोगामी महाराष्ट्राचा वाढवलेला दर त्यापेक्षा ६०० रुपयांनी कमी.

माझ्या ओळखीत एक जण आहे, नाव आणि कॉलेज सांगत नाही, कारण सांगितलं तर जूनमध्ये त्याला बोलावणार नाहीत. पीएच.डी. आहे. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात तास, संध्याकाळी क्लास. मध्ये राजनोली नाक्यावर ट्रॅफिकमध्ये एक-दीड तास. त्याला मी विचारलं, पोरांना कॉलेजात थांबून शंका विचारायच्या असतील तर? म्हणाला, ‘थांबायचे पैसे नाहीत ना भाऊ, आणि दुसरा तास चुकला तर तेही पैसे नाहीत.’ यात त्याची काय चूक? शिकवणं म्हणजे फक्त तास घेणं नसतं. पोरगी चार दिवस दिसली नाही तर मैत्रिणीकडे चौकशी करणं, लायब्ररीत कुठलं पुस्तक घ्यायचं ते सांगणं, फॉर्म भरून देणं, बापाला बोलावून ‘हिचं लग्न एवढ्यात करू नका, पोरगी हुशार आहे’ म्हणून समजावणं, हे सगळं कायमचा माणूस करतो. तासाच्या बिलात याला कॉलम नाही.

त्यात भर म्हणजे नवं शैक्षणिक धोरण. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, इंटर्नशिप. कागदावर छान आहे. विद्यार्थ्यानं आवडीचा विषय निवडावा म्हणतात. पण निवडायला विषय पाहिजे, विषयाला माणूस पाहिजे. जिथे मुख्य विषयालाच माणूस नाही तिथे पोर आवडीनं काय निवडणार? जे शिकवायला कोणी असेल ते. आणि इंटर्नशिपसाठी मानकोली-दापोड्याच्या गोडाऊनवाल्यांशी, लूमवाल्यांशी, सीएच्या ऑफिसशी बोलणी कोण करणार? तासाला ९०० वाला?

मग पैसे जातात कुठे, असं विचाराल. इमारतीला मिळतात. मशीनला मिळतात. संगणक कक्षाला, सोलरला, पेव्हर ब्लॉकला मिळतात. तो खर्च एकदाच करायचा असतो आणि फीत कापता येते. पगार मात्र तीस वर्षं द्यावा लागतो आणि त्याचं उद्घाटन होत नाही. इतकी वर्षं बातमीदारी करतोय, उद्घाटनाच्या प्रेसनोटा ढिगानं येतात. ‘आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे सर निवृत्त झाले आणि जागा भरली नाही’ अशी प्रेसनोट एकदाही आली नाही.

आयटीआयचंही तेच होईल ही भीती आहे. मे २०२५ मध्ये केंद्रानं देशातल्या १,००० सरकारी आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. त्यातले २० हजार कोटी राज्यांनी घालायचे आहेत. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावाला याचा उपयोग आहेच, फिटर, इलेक्ट्रिशियन, लूम दुरुस्त करणारा मेकॅनिक आपल्याला रोज लागतो. पण मशीन कितीही नवं आणा, हातात पाना देऊन ‘असा नाही, असा धर’ म्हणणारा निदेशक तासावर आणि कंत्राटावर असेल, तर मशीन प्लास्टिकच्या कव्हरखालीच राहील.

आता नेहमीच्या सबबी घेऊ. एकेक करून.

पहिली, ‘सरकारकडे पैसा नाही.’ २०१८ च्या हिशोबातल्या सगळ्याच्या सगळ्या ८,९५० जागा भरल्या तरी भत्त्यांसह वर्षाला हजार-अकराशे कोटी लागतात, त्यातून सीएचबीचा खर्च वजा होईल तो वेगळा. २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला. बहिणींचे पैसे काढून घ्या असं मी म्हणत नाही, आमच्या गल्लीतल्या किती घरांत त्या पैशानं गॅस भरला जातो ते मला माहीत आहे. एवढंच म्हणतो की ज्या सरकारला ४६ हजार कोटींची तजवीज करता येते, त्यानं त्याच्या चाळीसाव्या हिश्श्याला ‘तिजोरीवर बोजा’ म्हणू नये. त्या बहिणीची पोरगीच त्या वर्गात बसलीय.

दुसरी, ‘पेन्शनचा भार पडतो.’ १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीच. हे कारण वीस वर्षांपूर्वीच संपलं.

तिसरी सबब आपणच देतो. ‘कायमचे प्राध्यापक लाखभर पगार घेतात आणि शिकवत नाहीत.’ काही जण नाही शिकवत, खरं आहे. मीही असे बघितलेत. पण लाइनमन कामचुकार निघाला म्हणून आपण गावची वीज बंद करा म्हणतो का? त्याच्यावर कारवाई करा म्हणतो. हजेरी तपासा, विद्यार्थ्यांचा अभिप्राय घ्या, पदोन्नती रोखा. न शिकवणाऱ्याची शिक्षा न शिकलेल्या पोराला कशाला?

चौथी गोष्ट सबब नाही, खरं दुखणं आहे. भरती सुरू झाली की ‘रेट’ सुरू होतो. अनुदानित जागेसाठी किती मोजावे लागतात याची चर्चा चहाच्या टपरीवर उघड चालते, आणि गरिबाचा हुशार पोरगा मुलाखतीला जायच्या आधीच हरतो. पण यावर उपाय आहेत. शाळांच्या शिक्षकभरतीसाठी याच राज्यानं २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आणलं, अभियोग्यता चाचणी घेतली. त्यात घोळ झाले, उशीर झाला, पण निदान गुण सगळ्यांना दिसले. पश्चिम बंगालमध्ये अनुदानित कॉलेजांच्या प्राध्यापकांची निवड कॉलेज सर्व्हिस कमिशन करतं. आपल्याकडे का नाही? कारण जागा भरली नाही तर सरकारचे पैसे वाचतात, आणि भरलीच तर मधल्यांचे खिसे भरतात. दोन्हीकडून तोटा आपल्या पोरांचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात निकाल दिला. सरकारी अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक कॉलेजांत शिकवणाऱ्या या लोकांना महिन्याला ३० हजार मिळत होते. कायमच्या प्राध्यापकाइतकंच काम करणाऱ्यांना त्या पदाची किमान वेतनश्रेणी द्या, असं न्यायालयानं सांगितलं. नुसते गुरूच्या स्तुतीचे श्लोक म्हणून उपयोग नाही, शिक्षकाला आपण वागवतो कसं त्यातून त्या शब्दांचा खरेपणा दिसतो, असाही त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे मात्र ५ सप्टेंबरला सत्कार, शाल, श्रीफळ. आणि शाल घेऊन घरी गेलेल्याचं मार्चचं बिल अजून मंजूर व्हायचंय.

हे सगळं मुंबई-पुण्याच्या पोराला एवढं लागत नाही. तिथे कॉलेजात शिकवलं नाही तर क्लास आहे, दुसरं कॉलेज आहे, घरात इंग्रजी पेपर वाचणारं कोणी आहे. आपल्याकडे शांतीनगर, गायत्रीनगरमधून येणाऱ्या पोराच्या घरात तो पहिलाच कॉलेजात जाणारा असतो. पद्मानगरच्या पोरीच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी उर्दू, कोणाच्या घरी आगरी, कोणाच्या घरी भोजपुरी, आणि पुस्तक इंग्रजीत. तालुक्यातून येणारी कातकरी-वारली पोरं सकाळची पहिली एसटी पकडून येतात. यांना घराबाहेर शिकलेला माणूस भेटतो तो फक्त वर्गात. तोच नसेल तर ‘ठाण्याला जा’ म्हणणं सोपं आहे. अंजूरफाट्याचं ट्रॅफिक, वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या, आणि ‘एवढ्या लांब पोरीला पाठवायचं नाही’ म्हणणारं घर, यातून किती पोरी ठाण्याला पोचतात ते तुम्हीच सांगा. पोरगा मग गोडाऊनला लागतो. कामात कमीपणा नाही. पण पर्यायच राहिला नाही म्हणून तिथे जाणं आणि स्वतः ठरवून जाणं, यात फरक आहे.

या गावातल्या एका जुन्या कॉलेजच्या नावातच ‘भिवंडी-निजामपूर नगरपालिका’ आहे. बीएनएन म्हणताना आपण ते विसरतो. कॉलेजला आपल्या गावाचं आणि नगरपालिकेचं नाव द्यावंसं वाटणारी पिढी इथे होऊन गेली. आपण निदान एक प्रश्न तरी विचारू.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

एक. प्रवेश सुरू व्हायच्या आधी प्रत्येक अनुदानित महाविद्यालयानं गेटवर फलक लावावा. विषयवार मंजूर पदं किती, कायम भरलेली किती, सीएचबी किती. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती न मागता देणं अपेक्षितच आहे.

दोन. पदं पूर्ण भरेपर्यंत सीएचबीला यूजीसीचा १,५०० रुपयांचा दर, पैसे दर महिन्याला, आणि नेमणूक वर्ग सुरू व्हायच्या दिवशी. सप्टेंबर उजाडल्यावर नव्हे.

तीन. टक्केवारीचे खेळ बंद करून मंजूर पदं शंभर टक्के भरा, आणि निवड गुणांची यादी जाहीर करून, एका केंद्रीय यंत्रणेमार्फत करा.

चार. भिवंडी पूर्व, पश्चिम आणि ग्रामीण, तिन्ही आमदारांनी आपापल्या मतदारसंघातल्या कॉलेजांची आणि आयटीआयची रिक्त पदं विधानसभेत आकड्यांसह मांडावीत. पक्ष वेगळे असले तरी वर्ग एकच आहे.

आणि आपण काय करायचं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. चार ओळी पुरतात: ‘आपल्या महाविद्यालयात विषयवार मंजूर, भरलेली व रिक्त शिक्षक पदे किती? प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे? पद भरण्यासाठी केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना शेवटचे मानधन कोणत्या तारखेला दिले?’ तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं की मला पाठवा, न आलं तरी पाठवा. मी ते कॉलेजवार इथेच छापतो. कॉलेजला शिव्या घालण्यासाठी नव्हे. बऱ्याच प्राचार्यांनी पदं मागून मागून हात टेकलेत, त्यांनाही हा कागद उपयोगी पडेल.

पुढच्या वेळी कोणी पुढारी नवीन इमारतीची फीत कापायला आला, तर टाळ्या जरूर वाजवा. त्या संपल्या की एवढंच विचारा: साहेब, इमारत छान झाली, आत शिकवायला कोण आहे?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर आकडे घेऊन भांडायला या, मी इथेच आहे.